हाताने घडवलेल्या दागिन्यांची ऑनलाइन विक्री : घडणावळ किती आणि कशी धरावी?

कृष्णातीर (सांगली)

नमस्कार. गेली चार वर्षे मी विश्रामबागेतील घरातून मोत्यांच्या नथी, चिंचपेट्या, तन्मणी आणि खणाच्या कापडाची कानातली तयार करते आणि व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम व एका मोठ्या विक्री संकेतस्थळावरून विकते. मागणी चांगली आहे, गौरी-गणपतीच्या आधी तर रात्री बारापर्यंत बसावे लागते. तरीही वर्षअखेरीस हातात काही उरलेले दिसत नाही, आणि हे असे का होते याचा छडा लावण्यासाठी मी गेला महिनाभर प्रत्येक दागिन्याचा वेळ घड्याळ समोर ठेवून वहीत लिहिला. त्या वहीतून जे निघाले ते येथे मांडते, कारण माझ्यासारख्या अनेक जणी हाच व्यवसाय करत आहेत आणि त्यांचाही हिशेब बहुधा माझ्याच जागी चुकत असावा.

माझी सर्वांत जास्त खपणारी वस्तू म्हणजे दाबाची मोत्याची नथ. तिची किंमत मी १९९ रुपये ठेवली होती. तार, मोती, खडे आणि दाब मिळून ६८ रुपये लागतात. फुटलेले मोती, उरलेले तारेचे तुकडे आणि बिघडलेले नग यांची घट ७ रुपये धरली. डबी, पिशवी आणि नावाचे कार्ड यांचे १८ रुपये होतात. म्हणजे एकूण खर्च ९३ रुपये झाला, आणि १९९ मधून ९३ वजा केले की १०६ रुपये सुटतात, अशी माझी आजवर समजूत होती.

प्रत्यक्षात संकेतस्थळाचे कमिशन, ठरावीक आकार आणि त्यावरील कर मिळून सुमारे १८ टक्के, म्हणजे ३६ रुपये आधीच कापले जातात. उरतात ७० रुपये. आता वेळ पाहा. तारेला आकार देणे, मोती ओवणे, मधला खडा बसवणे आणि पीळ घट्ट करून टोक आत दाबणे यांना मला १ तास २५ मिनिटे लागतात. छायाचित्र काढणे, ग्राहकाच्या प्रश्नांना उत्तरे देणे, पार्सल बांधणे आणि ते पाठवून येणे यांचा नगामागे सरासरी ३५ मिनिटांचा वेळ मी कधी धरलाच नव्हता. दोन तासांचे ७० रुपये म्हणजे तासाला ३५ रुपये. रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातील २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता, आणि आठ तासांचा दिवस धरला तर तो तासाला ३९ रुपये पडत होता. हा आकडा वहीत लिहिल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. शिवाय गेल्या तीन महिन्यांत ६४ पार्सलांपैकी ७ पार्सले ग्राहकांनी न स्वीकारल्यामुळे परत आली. तो तोटा या हिशेबात अजून धरलेलाच नाही.

माझे विचारणे असे आहे : तुम्ही आपल्या वेळेची किंमत कशी ठरवता? आणि ती वसूल करण्यासाठी दर वाढवला तर ग्राहक टिकतात का?

साखरकाटा (सातारा)

ताई, वहीबद्दल तुमचे मनापासून अभिनंदन. माझे काम वेगळे आहे, पण दुखणे तेच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

मी संक्रांतीसाठी हलव्याचे दागिने करते. नव्या सुनेचा पहिला सण आणि बाळाचे बोरन्हाण यांसाठी मंगळसूत्र, हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, कुड्या, नथ असा पूर्ण संच लागतो. या कामाची अडचण अशी की त्यातला कच्चा माल साखर, खसखस, साबुदाणा, पुठ्ठा, दोरा आणि थोडी जर एवढाच असतो, आणि तो प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात दिसत असतो. त्यामुळे 'साखरेचे एवढे पैसे?' हा प्रश्न मला दर वर्षी ऐकावा लागतो. हलवा मंद आचेवरच्या परातीत पाकाचा एकेक चमचा घालत बोटांनी सतत फिरवावा लागतो. पाक जास्त झाला तर दाणे एकमेकांना चिकटतात आणि आच वाढली तर काटा येत नाही. थंड, कोरडी हवा असेल तर काम जमते, आणि आभाळ आले तर अख्खी परात वाया जाते. तो हलवा तयार झाल्यानंतर मग दागिना सुरू होतो.

बाजारात 'मालाच्या दुप्पट किंमत लावावी' असा एक सोपा नियम सांगतात. माझ्या पूर्ण संचाला ३५० रुपयांचा माल आणि हलव्यासह १४ तास लागतात. दुपटीच्या नियमाने किंमत ७०० येते आणि माझ्या तासाचे २५ रुपये होतात. चांदीचे काम करणाऱ्याला तोच नियम लावला तर घडीभराच्या कामाचे हजारो रुपये होतील. जो नियम माल महाग असणाऱ्याला भरपूर देतो आणि हात झिजवणाऱ्याला काहीच देत नाही, तो हस्तकलेला लागूच पडत नाही, असे माझे ठाम मत आहे. मी तीन वर्षांपूर्वी तो सोडला. आता तासाला ८० रुपये धरते, म्हणजे १४ तासांचे ११२० आणि मालाचे ३५० मिळून १४७० रुपये होतात. पुठ्ठ्याची पेटी, ओलाव्यापासून जपण्याचे वेष्टन आणि तुटफुटीची तजवीज धरून संच १६०० रुपयांना देते. पहिल्या वर्षी मागण्या निम्म्यावर आल्या. दुसऱ्या वर्षी त्या पूर्वीच्या जवळपास पोहोचल्या, कारण ज्यांनी घेतले त्यांनी दुसऱ्यांना सांगितले. हे सर्वांच्या बाबतीत असेच होईल असे मी म्हणत नाही, पण निम्म्या मागण्यांच्या त्या वर्षीदेखील माझ्या हाती आदल्या वर्षापेक्षा अधिक पैसे आले होते.

तासाचा दर कसा ठरवला, असे विचाराल. माझ्या गल्लीत कुशल शिवणकाम करणारी बाई दिवसाला जितके कमावते, तितके मला मिळावेत इतकाच निकष मी ठेवला. माझे कौशल्य तिच्यापेक्षा कमी नाही आणि जास्त असल्याचा माझा दावाही नाही.

मूस आणि भट्टी (विटा)

मी दागिने घडवत नाही, पण आमचे घर तीन पिढ्या गलाईच्या व्यवसायात आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातील माणसे सोने-चांदी गाळण्यासाठी देशभरातील सराफ बाजारांत पोहोचली, हे येथील बहुतेकांना ठाऊक असेल. त्या बाजारात वाढल्यामुळे एक गोष्ट सांगावीशी वाटते.

सराफाच्या दुकानात ग्राहक घडणावळ देताना घासाघीस करतो, पण घडणावळ द्यावी लागते हे तो मान्य करतो, कारण ती पावतीवर वेगळ्या ओळीत लिहिलेली असते. धातूचे वजन, त्या दिवसाचा भाव, घट आणि घडणावळ असे सगळे समोर मांडलेले असते. आपण घरगुती दागिने विकणारे मात्र एकच आकडा सांगतो, आणि ग्राहकाला त्या आकड्यात फक्त मणी दिसतात. माझी सूचना अशी की कृष्णातीर ताईंनी आपल्या चिठ्ठीवर 'साहित्य' आणि 'घडणावळ' या दोन ओळी वेगळ्या छापाव्यात. पूर्वी मोत्याचे दागिने गाठवून देणारे पटवेकरी गाठवण्याची मजुरी वेगळी घेत असत, आणि मोती घरचेच असले तरी ती देताना कोणाला वावगे वाटत नसे.

धातूच्या नावाबाबत एक सावधगिरीची गोष्टही येथेच सांगतो, कारण रास्त किमतीचा पाया खरे वर्णन हाच असतो. 'जर्मन सिल्व्हर' या मिश्रधातूत तांबे, निकेल आणि जस्त असते. चांदी अजिबात नसते. निकेलमुळे काहींच्या कानाला खाज सुटते, पुरळ येते. म्हणून ते वर्णनात स्पष्ट लिहावे. 'एक ग्रॅम सोन्याचे' म्हणून विकले जाणारे दागिने सोन्याचा मुलामा दिलेले असतात, तेव्हा 'सोन्याचे' हा शब्द एकटा वापरू नये. खरी चांदी वापरत असाल तर ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी, हे ग्राहकाला समजावून सांगावे. २०२५ मध्ये चांदीचा भाव ज्या वेगाने चढला तो पाहता, चांदीच्या कामाचा दर सांगताना तो कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे हेही लिहून द्यावे.

द्राक्षवेल (तासगाव)

हा धागा वाचून मला थोडे अपराधी वाटले आणि थोडा रागही आला, तो प्रामाणिकपणे लिहिते. मी अगदी अशीच नथ १२० रुपयांना देते. घरचा द्राक्षबाग आहे, पोटासाठी हे काम करावे लागत नाही, दुपारी मोकळा वेळ मिळतो म्हणून करते. माल सुटला आणि वर वीस-पंचवीस रुपये मिळाले की मला समाधान वाटते, आणि मैत्रिणींना स्वस्तात चांगली वस्तू मिळते. यात मी कोणाचे वाईट करते आहे असे मला आजवर कधी वाटले नव्हते. माझ्या वेळेचे पैसे मला नको असतील तर ते लावलेच पाहिजेत का?

कृष्णातीर (सांगली)

द्राक्षवेल ताई, तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत हे फार चांगले झाले. तुमच्यावर माझा मुळीच राग नाही, कारण पहिली दोन वर्षे मीही हेच म्हणत होते. तेव्हा यजमानांचा पगार सुरू होता आणि नथींच्या पैशातून मी फक्त आणखी मणी आणत असे. पुढे त्यांची नोकरी सुटली, घरखर्चाला हातभार लावण्याची वेळ आली, आणि तेव्हा मला कळले की माझी जुनी किंमत मीच बाजारात रुजवून ठेवली आहे. ज्यांना मी १५० रुपयांची सवय लावली, त्याच ग्राहक मला दोनशे रुपये महाग असल्याचे सांगत होत्या.

आपण एकाच फोनच्या पडद्यावर शेजारीशेजारी दिसतो. तुमची १२० ची आणि माझी १९९ ची नथ पाहणारी बाई तुमच्या घरी बाग आहे आणि माझ्याकडे नाही हे पाहू शकत नाही. ती फक्त एवढेच ठरवते की नथीची खरी किंमत १२० असते आणि मी जास्त घेते. मिरजेतल्या एक ओळखीच्या बाई, ज्यांचे घर केवळ कानातल्यांवर चालते, त्यांनी याच कारणाने दोनदा दर उतरवले आणि शेवटी काम सोडून एका दुकानात नोकरी धरली. त्यांच्यासारखी बारीक गाठ मला आजही जमत नाही. तुम्हाला पैसे नको असतील तर तो तुमचा अधिकार आहे, पण घडणावळ किमतीतून काढून टाकल्याने ती फक्त तुमचीच जात नाही, तुमच्या शेजारणीचीही जाते, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

माणदेश (म्हसवड)

वेळेचा हिशेब बायकांना जमत नाही अशी एक समजूत अनेकदा दिसते, म्हणून आमच्या गावची गोष्ट सांगते. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने येथे महिलांची सहकारी बँक काढायचे ठरले, तेव्हा प्रवर्तक महिलांपैकी अनेक जणी निरक्षर असल्याच्या कारणाने परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहून म्हणाल्या की व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आकडेमोड आपल्याला येतेच. आपण ती दुधाला, शेळीला, भिशीला लावतो, पण स्वतःच्या हाताच्या कामाला लावत नाही.

कोयनासंगम (कराड)

मी हिशेब लेखनाचे काम करतो. दोन मुद्दे मांडतो.

पहिला मुद्दा कमिशनच्या गणिताचा आहे, आणि त्यात माझे जवळजवळ सगळे लहान ग्राहक चुकतात. समजा तुम्हाला हातात २९४ रुपये हवे आहेत आणि संकेतस्थळ १८ टक्के कापते. बहुतेक जण २९४ वर १८ टक्के चढवून ३४७ किंमत लावतात. पण कमिशन विक्रीच्या किमतीवर कापले जाते. ३४७ वर ते ६२ रुपयांहून थोडे अधिक होते आणि हातात २८४-२८५ रुपयेच येतात. प्रत्येक नगामागे नऊ-दहा रुपये असे नकळत जातात. बरोबर पद्धत म्हणजे २९४ ला ०.८२ ने भागणे. उत्तर साधारण ३५९ येते.

दुसरा मुद्दा कराचा. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्यांना वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पूर्वी संकेतस्थळावरून विकायचे म्हटले की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना नोंदणीऐवजी पॅनवर आधारित नावनोंदणी क्रमांक घेऊन संकेतस्थळांवर विकता येते. राज्याबाहेर माल पाठवायचा झाला की नियम बदलतात. हस्तकलेच्या वस्तूंना तेथे काही अटींवर सवलत आहे, परंतु आपली वस्तू त्या व्याख्येत बसते का, हे कर सल्लागाराकडून लेखी घेऊनच पहिले पार्सल पाठवावे. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

शाळेची घंटा (सातारा)

मी केवळ ग्राहक आहे. गेल्या वर्षी १४० रुपयांची एक नथ घेतली होती, तिचा मुलामा दोन कार्यक्रमांत उडाला. नंतर ३५० ची घेतली, ती अजून तशीच आहे. खरेदीच्या वेळी मात्र दोन्ही छायाचित्रे मला सारखीच दिसली होती. तुम्ही दर वाढवणार असाल तर आम्हाला फरक दिसेल असे काहीतरी द्या. दागिन्याच्या मागच्या बाजूचे छायाचित्र, नाण्याशेजारी ठेवून दाखवलेला आकार, वजन आणि मुलामा कसा जपायचा याच्या चार ओळी हव्यात. दोरा तुटला तर गाठवून मिळेल का, हेही लिहा. त्या एका वाक्यासाठी मी पन्नास रुपये आनंदाने जास्त देईन.

कृष्णातीर (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठ दिवस विचार करून मी जे ठरवले ते लिहिते.

माझ्या तासाचा दर मी ७० रुपये धरला. दोन तासांचे १४० आणि साहित्याचे ९३ मिळून २३३ झाले. वीज, मोबाइल, पक्कड, दिवा आणि परत येणारी पार्सले यांसाठी दहा टक्के, म्हणजे २३ रुपये मिळवले. २५६ वर पंधरा टक्के नफा, म्हणजे ३८ रुपये, धरून २९४ रुपये येतात. नफा आणि मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या धाग्यामुळे पहिल्यांदा उमगले. मजुरी माझ्या हातांची आहे आणि नफा पुढच्या हंगामाचा माल भरण्यासाठी आहे. कोयनासंगम दादांच्या पद्धतीने संकेतस्थळावर ३५९ रुपये किंमत लावली. व्हॉट्सअ‍ॅपवरही तीच ठेवली आहे, फक्त तेथे जे कमिशन वाचते त्यातून मी टपालखर्च करते. पुण्यापर्यंत स्पीड पोस्टला मला साधारण ७५ रुपये पडतात, तेव्हा कमिशनचे ६५ त्यातच जातात, पण ग्राहकाला वेगळा टपालखर्च द्यावा लागत नाही आणि दोन ठिकाणी दोन दर दिसत नाहीत.

पार्सल घेताना पैसे देण्याची सोय बंद केली आहे. मागणीप्रमाणे करायच्या दागिन्याला निम्मी रक्कम आगाऊ घेते आणि रक्कम बँकेच्या खात्यात जमा झालेली स्वतः पाहिल्याशिवाय, केवळ ग्राहकाने पाठवलेल्या पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटवर विसंबून, तार हातात घेत नाही. मागे एकदा तसे केल्यामुळे एक पूर्ण तन्मणी गेला. चिठ्ठीवर साहित्य आणि घडणावळ वेगळी छापली आहे आणि सहा महिने दोरा विनामूल्य गाठवून देण्याचे लिहिले आहे. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या नऊऐवजी पाच नथी गेल्या. एका जुन्या ग्राहकबाईंनी रागावून बोलणे थांबवले आहे, त्याचे वाईट वाटते.

द्राक्षवेल (तासगाव)

कृष्णातीर ताई, मिरजेच्या बाईंबद्दल वाचल्यापासून मन स्वस्थ नव्हते. काल मीही घड्याळ लावून बसले. माझ्या नथीला पावणेदोन तास लागले. ऑनलाइन दर मी पाडव्यापासून वाढवणार आहे. पण आमच्या वाडीत दोन वयस्क काकू आहेत, ज्यांच्याकडून मी ओवायला शिकले. त्यांच्या नातींच्या लग्नासाठी त्या नथी मागतात. त्यांना मी साडेतीनशे रुपये कोणत्या तोंडाने सांगू?

कृष्णातीर (सांगली)

त्यांना मुळीच सांगू नका, हवे तर नथ भेट द्या. फक्त चिठ्ठी पूर्ण लिहा. साहित्य इतके, घडणावळ इतकी, एकूण इतकी, आणि त्याखाली 'घडणावळ आपल्या आशीर्वादासाठी वजा' असे लिहून केवळ साहित्याचे पैसे घ्या. त्या काकूंनी स्वतः ओवलेले असल्यामुळे तो आकडा खरा आहे हे त्या कोणाहीपेक्षा अधिक ओळखतील, आणि लग्नात कोणी नथीची किंमत विचारली तर त्या पूर्ण किंमतच सांगतील.